लिनक्स कर्नलची बिल्ड व्यवस्था आणि तिचा दस्तऐवज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये ‘डॉक्युमेंटेशन’ डिरेक्टरीत ‘केबिल्ड’ नावाची एक उपडिरेक्टरी आहे; कर्नलच्या बिल्ड व्यवस्थेलाही हेच नाव आहे. कर्नल कसा बिल्ड होतो, म्हणजे सोर्सपासून चालण्याजोगा कर्नल कसा तयार होतो, याचे अधिकृत उत्तर तिथल्या फायलींत आहे आणि ते जवळजवळ सगळे बरोबर आहे. तरीही नवशिके, आणि अनेक वर्षे ड्रायव्हर लिहिणारी माणसेसुद्धा, त्याच त्या ठिकाणी अडतात. माझ्या मते याचे मुख्य कारण असे की तिथली वाक्ये ‘काय होते’ हे नेमके सांगतात, पण ते ‘कुठपर्यंत लागू’ आणि ‘कोणत्या क्षणी घडते’ हे बहुतेक वेळा वाचकालाच ओळखावे लागते. खालची उत्तरे ती मोकळी जागा भरण्यासाठी लिहिली आहेत. आज्ञा, फायली आणि व्हेरिएबल यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती मूळ रोमन अक्षरांतच टंकावीत.

इतक्या फायलींपैकी आधी कोणती वाचावी?

ज्याला फक्त कर्नल कॉन्फिगर करून बिल्ड करायचा आहे त्याने ‘केकॉन्फिग’ ही फाइल वाचावी. कर्नलच्या बाहेर ठेवलेले मॉड्यूल (कर्नलमध्ये हवे तेव्हा लोड करता येणारा कोडचा तुकडा) बिल्ड करायचे असेल तर ‘मॉड्यूल्स’, कर्नलच्या आत नवी फाइल किंवा डिरेक्टरी घालायची असेल तर ‘मेकफाइल्स’, आणि नवा कॉन्फिग पर्याय लिहायचा असेल तर ‘केकॉन्फिग-लँग्वेज’. यांतली ‘मेकफाइल्स’ ही सर्वांत महत्त्वाची आणि वाचायला सर्वांत जड आहे. मूळ लेखन मायकेल एलिझाबेथ चॅस्टेन यांचे, पुढची भर काय गेर्मास्शेव्स्की आणि सॅम रावनबोर्ग यांची, असे तिच्या शेवटी नोंदलेले आहे. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी ती वाढत गेली, म्हणून एखादी संकल्पना एका प्रकरणात वापरलेली आणि तिचा खुलासा मात्र दुसऱ्याच प्रकरणात केलेला, असे तिच्यात होते.

त्या फाइलच्या सुरुवातीला बिल्ड व्यवस्थेचे पाच भाग सांगितले आहेत : सर्वांत वरची मेकफाइल (‘मेक’ या बिल्ड साधनाची नियमांची फाइल), डॉट-कॉन्फिग (निवडलेल्या पर्यायांची फाइल), त्या त्या आर्किटेक्चरची मेकफाइल, ‘स्क्रिप्ट्स’ डिरेक्टरीतले सामाईक नियम आणि प्रत्येक उपडिरेक्टरीतली छोटी केबिल्ड मेकफाइल. हे पाच भाग डोक्यात पक्के बसल्याशिवाय पुढे जाऊ नये. उपडिरेक्टरीतली छोटी मेकफाइल ही एरवीच्या मेकफाइलसारखी ‘काय चालवायचे’ हे सांगत नाही. ती फक्त काही याद्या भरून ठेवते, आणि त्या याद्यांचे काय करायचे हे ‘स्क्रिप्ट्स’मधले नियम ठरवतात. एकाच डिरेक्टरीत ‘मेकफाइल’ आणि ‘केबिल्ड’ अशा दोन्ही नावांच्या फायली असतील तर ‘केबिल्ड’ वापरली जाते.

डॉट-कॉन्फिगमध्ये हाताने ओळ लिहिली, पण बिल्ड केल्यावर ती नाहीशी झाली. असे का होते?

कारण डॉट-कॉन्फिग ही तुमची आज्ञा नसून तुमची विनंती आहे. मेक चालवल्यावर, डॉट-कॉन्फिग बदललेली असेल तर, ‘सिंककॉन्फिग’ हा टप्पा आधी धावतो, सगळ्या केकॉन्फिग फायली (पर्याय आणि त्यांच्या अटी यांतच लिहिलेल्या असतात) वाचतो, प्रत्येक पर्यायाच्या अटी तपासतो आणि मगच डॉट-कॉन्फिग पुन्हा लिहितो. तुम्ही लिहिलेल्या पर्यायाची ‘डिपेंड्स ऑन’ अट पूर्ण होत नसेल तर ती ओळ जाते. दुसरी शक्यता अशी की त्या पर्यायाला प्रॉम्प्टच नसतो, म्हणजे मेनूत तो दिसत नाही आणि दुसऱ्या पर्यायांनी निवडला किंवा त्याचे डिफॉल्ट तसे असले तरच चालू होतो. अशा पर्यायाला हाताने दिलेले मूल्य मानले जात नाही. ‘स्क्रिप्ट्स’मधली ‘कॉन्फिग’ ही छोटी स्क्रिप्ट डॉट-कॉन्फिगमधली ओळ बदलण्यासाठी सोयीची आहे, पण तीही अटी तपासत नाही. म्हणून ती वापरल्यावर ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवावे आणि ओळ टिकली की नाही ते डोळ्यांनी पाहावे.

इथेच आणखी एक बारकावा आहे. पर्याय बंद असेल तर डॉट-कॉन्फिगमध्ये हॅश (#) चिन्हाने सुरू होणारी, ‘हा पर्याय सेट नाही’ अशा अर्थाची ओळ दिसते. दिसायला ती टीप वाटते आणि अनेकजण फाइल आटोपशीर करण्याच्या हेतूने अशा ओळी पुसून टाकतात. ती टीप नाही. केकॉन्फिग ती ओळ वाचतो आणि तिचा अर्थ ‘वापरकर्त्याने हा पर्याय जाणूनबुजून बंद ठेवला’ असा घेतो. ओळ पुसली की त्या पर्यायाबद्दल काहीच ठरलेले नाही असे समजले जाते. मग ‘ओल्डकॉन्फिग’ त्याबद्दल पुन्हा विचारतो आणि ‘ओल्डडेफकॉन्फिग’ न विचारता त्याचे डिफॉल्ट मूल्य लावतो, जे चालूही असू शकते.

एक पर्याय बदलला तर कधी दहा फायली कंपाइल होतात, कधी हजारो. हे कोण ठरवते?

बिल्ड व्यवस्थेतला हा मला सर्वांत आवडणारा भाग आहे, आणि त्याचा खरा खुलासा दस्तऐवजापेक्षा ‘फिक्सडेप’ या छोट्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या टिपेत अधिक चांगला आहे.

अडचण अशी आहे. सगळे कॉन्फिग पर्याय ‘ऑटोकॉन्फ’ नावाच्या एकाच हेडर फाइलमध्ये उतरतात आणि ती हेडर फाइल कर्नलच्या प्रत्येक सी फाइलला कंपायलरच्या कमांडलाइनवरूनच जोडली जाते. साध्या मेकच्या हिशोबाने कोणताही एक पर्याय बदलला की ही हेडर फाइल बदलणार, आणि ती बदलली की अख्खा कर्नल पुन्हा कंपाइल होणार. हे टाळण्यासाठी प्रत्येक फाइल कंपाइल झाल्यावर फिक्सडेप धावतो. कंपायलरने दिलेली अवलंबनांची यादी तो वाचतो, तीतून ऑटोकॉन्फचे नाव काढून टाकतो आणि यादीतल्या प्रत्येक सोर्स व हेडर फाइलचा मजकूर चाळून ‘कॉन्फिग_’ने सुरू होणारी नावे शोधतो. सापडलेल्या प्रत्येक नावासाठी ‘इन्क्लूड’खालच्या ‘कॉन्फिग’ डिरेक्टरीतल्या एका रिकाम्या फाइलवरचे अवलंबन तो लिहून ठेवतो. पर्याय बदलला की सिंककॉन्फिग नेमक्या त्याच पर्यायाच्या रिकाम्या फाइलची वेळ ताजी करतो, आणि त्या पर्यायाचा उल्लेख असलेल्या फायलीच पुन्हा कंपाइल होतात.

यावरून दोन गोष्टी आपोआप कळतात. सर्वत्र जोडल्या जाणाऱ्या एखाद्या हेडर फाइलमध्ये एका पर्यायाचा उल्लेख आला, की तो पर्याय बदलणे महागात पडते. आणि फिक्सडेप मजकूर चाळतो, सी भाषा समजून घेत नाही. त्यामुळे केवळ टिपेत आलेले पर्यायाचे नावही अवलंबन म्हणून धरले जाते.

दस्तऐवजात या साऱ्याचा सारांश तीन मुद्द्यांत येतो : प्रत्येक फाइल ज्यांवर अवलंबून असते त्या सगळ्या सोर्स व हेडर फायलींवर केबिल्ड लक्ष ठेवतो, तसेच त्यांत वापरलेल्या कॉन्फिग पर्यायांवर आणि कंपाइल करताना वापरलेल्या कमांडलाइनवरही. तिसरा मुद्दा लोक वाचून विसरतात. एखादा कंपायलर फ्लॅग बदलला, तर सोर्समध्ये एक अक्षरही न बदलता त्या फायली पुन्हा कंपाइल होतात, आणि ते योग्यच आहे. एखादी फाइल पुन्हा का कंपाइल झाली हे कळत नसेल तर मेकला ‘व्ही=२’ द्यावे; प्रत्येक टार्गेटपुढे (तयार करायच्या फाइलपुढे) कारण छापले जाते.

ऑब्ज-वाय यादीतल्या नावांचा क्रम बदलला तर चालते का?

विचार न करता बदलू नये. ऑब्ज-वाय ही कर्नलच्या आतच घालायच्या फायलींची यादी आहे; तिच्यातल्या ऑब्जेक्ट फायली त्याच क्रमाने त्या डिरेक्टरीच्या ‘बिल्ट-इन’ संग्रहात जातात, आणि एकाच पातळीच्या इनिटकॉल (ड्रायव्हर वगैरे सुरू करणारी फंक्शने) कर्नल सुरू होताना लिंकच्या क्रमानेच बोलावल्या जातात. दस्तऐवजातले उदाहरण स्कझी (डिस्क जोडण्याची एक पद्धत) कंट्रोलरचे आहे : क्रम बदलला तर कंट्रोलर वेगळ्या क्रमाने सापडतील आणि डिस्कचे क्रमांक बदलतील. नावे वर्णानुक्रमे लावण्याचा मोह चांगल्या हेतूचा असतो, पण जिथे क्रमावर काही अवलंबून आहे तिथे तसे टिपेत लिहून ठेवावे, म्हणजे पुढचा माणूस ती यादी ‘नीट’ करायला जाणार नाही.

डिरेक्टरी ऑब्ज-एममध्ये आहे, तिच्या आत मात्र ऑब्ज-वाय आहे. त्या फाइलचे काय होते?

ती मुख्य कर्नलपर्यंत पोहोचतच नाही. ऑब्ज-एम ही मॉड्यूल म्हणून बिल्ड करायच्या गोष्टींची यादी आहे. यादीत डिरेक्टरीचे नाव शेवटच्या तिरप्या रेघेसह लिहिले की केबिल्ड त्या डिरेक्टरीत उतरतो. पण ‘वाय’ने उतरला तरच आतल्या बिल्ट-इन ऑब्जेक्ट फायली मुख्य कर्नलमध्ये लिंक होतात. ‘एम’ने उतरला तर त्या डिरेक्टरीतले काहीही मुख्य कर्नलमध्ये जात नाही. आत ऑब्ज-वायने मागितलेली फाइल अशा वेळी अनाथ होते, आणि दस्तऐवज स्पष्ट सांगतो की हा बहुधा मेकफाइलमधला किंवा केकॉन्फिगमधल्या अटींमधला दोष असतो. हा खुलासा नंतर घातला गेला. एका परिच्छेदाने किती माणसांचे तास वाचत असतील याचे ते उत्तम उदाहरण आहे.

सीसीफ्लॅग्ज-वाय उपडिरेक्टरींनाही लागू होते का?

नाही. सीसीफ्लॅग्ज-वाय म्हणजे कंपायलरला द्यायचे जादा फ्लॅग, आणि ज्या मेकफाइलमध्ये ते लिहिले आहे तेवढ्याच मेकफाइलपुरते ते लागू होते. उपडिरेक्टरींपर्यंत फ्लॅग पोहोचवायचा असेल तर सबडिर-सीसीफ्लॅग्ज-वाय वापरावे, आणि एकाच ऑब्जेक्ट फाइलपुरता हवा असेल तर त्या फाइलच्या नावाचे सीफ्लॅग्ज व्हेरिएबल. गोंधळ होतो तो दस्तऐवजातल्या लागोपाठच्या दोन वाक्यांमुळे : पहिले वाक्य व्याप्ती एका मेकफाइलपुरती असल्याचे सांगते आणि दुसरे लगेच ‘रिकर्सिव्ह बिल्ड’च्या वेळच्या कंपायलर, असेंब्लर आणि लिंकर यांचा उल्लेख करते. दुसऱ्या वाक्याचा रोख बिल्ड कसा चालतो याकडे आहे, फ्लॅग खाली झिरपण्याकडे नाही. पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला नेमके उलटे वाटते आणि त्यात त्याचा दोष नाही. जुन्या ड्रायव्हरमध्ये दिसणारे ‘एक्स्ट्रा_सीफ्लॅग्ज’ हे याचेच जुने नाव; नव्या कामात ते वापरू नये.

इफ_चेंज्ड वापरले तरी टार्गेट कधी पुन्हा बिल्ड होत नाही, तर कधी दर वेळी होते. चूक कुठे असते?

इफ_चेंज्ड हे काही बदलले असेल तरच कमांड चालवणारे केबिल्डचे फंक्शन आहे. हा प्रश्न मला स्वतःच्या कामामुळे जवळचा आहे. एका बोर्डासाठी मी ऑब्जकॉपी (ऑब्जेक्ट फाइलचे स्वरूप बदलणारा प्रोग्रॅम) वापरून एक बायनरी फाइल तयार करण्याचा नियम लिहिला होता. नंतर ऑब्जकॉपीला एक जादा फ्लॅग दिला, बिल्ड केले, एरर नाही, इमेज बोर्डावर चढवली. वागणूक मात्र जुनीच. दोन दिवस मी बोर्डाच्या बूटलोडरमध्ये दोष शोधत होतो. बायनरी फाइलची वेळ पाहिली तेव्हा ती तीन दिवसांपूर्वीची निघाली. नियमात ‘फोर्स’ हा शब्द लिहायचा राहिला होता.

हे असे का घडते ते समजून घेणे गरजेचे आहे. इफ_चेंज्ड मागच्या वेळी वापरलेली कमांडलाइन एका लपलेल्या ‘डॉट-सीएमडी’ फाइलमध्ये जपून ठेवतो आणि आताच्या कमांडलाइनशी तिची तुलना करतो. पण ही तुलना नियमाच्या आतल्या ओळीत होते, आणि मेक त्या ओळीपर्यंत पोहोचतो तो एखादी पूर्वअट टार्गेटपेक्षा नवी असेल तेव्हाच. फोर्स ही कधीही तयार न होणारी पूर्वअट आहे. ती असली की मेक दर वेळी आत शिरतो आणि ‘खरेच काही बदलले का’ हा निर्णय इफ_चेंज्डवर सोपवतो. फोर्स नसेल तर कमांड बदलल्याचे कुणाच्या लक्षातच येत नाही. केबिल्ड आता फोर्स राहिल्यास इशारा देतो, हे फार चांगले झाले.

उलट लक्षण, म्हणजे काहीही न बदलता दर वेळी पुन्हा बिल्ड होणे, हे बहुधा टार्गेटचे नाव ‘टार्गेट्स’ या यादीत न घातल्याने दिसते. केबिल्ड जुन्या डॉट-सीएमडी फायली वाचतो त्या याच यादीवरून. नाव यादीत नसेल तर जुनी कमांड त्याला माहीतच नसते, म्हणून प्रत्येक वेळी ‘बदलली’ असेच उत्तर येते. एकाच टार्गेटसाठी इफ_चेंज्ड दोनदा वापरले तरी हेच होते, कारण डॉट-सीएमडी फाइल एकच असते आणि दुसरी नोंद पहिलीला पुसते.

तिसरी चूक एका रिकाम्या जागेची आहे. इफ_चेंज्डला बोलावताना स्वल्पविरामानंतर आपण सवयीने एक जागा सोडतो. मेकच्या दृष्टीने ती जागा नावाचाच भाग होते, त्यामुळे ‘सीएमडी_ऑब्जकॉपी’ऐवजी मध्ये जागा असलेले भलतेच नाव शोधले जाते आणि ते रिकामे निघते. दस्तऐवजात हे चुकीचे उदाहरण ‘चूक’ असा मोठ्या अक्षरांतला शेरा मारून छापले आहे.

‘सिलेक्ट’ आणि ‘डिपेंड्स ऑन’ यांपैकी काय वापरावे?

शंका असेल तर डिपेंड्स ऑन. सिलेक्ट दुसरा पर्याय बळजबरीने चालू करतो आणि त्या दुसऱ्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी पाहतही नाही. त्यातून ‘अपूर्ण अवलंबन’ असा इशारा येतो, आणि पुढे बहुधा लिंकच्या वेळी एखादे फंक्शन सापडत नाही. प्रॉम्प्ट नसलेल्या आणि स्वतःला काही अटी नसलेल्या मदतनीस पर्यायांसाठीच सिलेक्ट वापरावा, हा दस्तऐवजातला सल्ला शब्दशः पाळण्यासारखा आहे. दुसरा पर्याय असला तर बरे, पण नसला तरी चालेल, अशा ठिकाणी ‘इम्प्लाय’ आहे. तो अटी मोडत नाही आणि वापरकर्त्याला तो पर्याय बंद करता येतो.

मॉड्यूल्स_प्रिपेअर चालवले, मॉड्यूल बिल्डही झाले, पण लोड होत नाही. का?

‘मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर’ बाहेरचे मॉड्यूल कंपाइल होण्यापुरती तयारी करते : हेडर फायली तयार होतात, मदतनीस प्रोग्रॅम तयार होतात. ‘मॉड्यूल डॉट सिमव्हर्स’ ही फाइल मात्र ती तयार करत नाही. कर्नलने बाहेर दिलेल्या प्रत्येक सिम्बॉलचे (फंक्शन किंवा व्हेरिएबलचे) नाव, त्याची सीआरसी (पडताळणीचा आकडा) आणि तो कुठून आला ही माहिती त्या फाइलमध्ये असते, आणि ती माहिती पूर्ण कर्नल बिल्ड झाल्याशिवाय मिळत नाही. कर्नलमध्ये ‘मॉडव्हर्जन्स’ चालू असेल तर या सीआरसी जुळल्याशिवाय मॉड्यूल स्वीकारले जात नाही. म्हणून एकतर पूर्ण बिल्ड करावे किंवा चालू असलेल्या कर्नलचे वितरकाने दिलेले हेडर पॅकेज वापरावे. तुमचे एक मॉड्यूल तुमच्याच दुसऱ्या मॉड्यूलचे सिम्बॉल वापरत असेल तर त्या दुसऱ्याची सिमव्हर्स फाइल ‘केबिल्ड_एक्स्ट्रा_सिम्बॉल्स’मधून द्यावी.

वेगळ्या डिरेक्टरीत बिल्ड करताना ‘सोर्स स्वच्छ नाही’ अशी एरर येते, ती कशामुळे?

त्याच सोर्समध्ये आधी कधीतरी थेट बिल्ड झालेले असते. सोर्समध्ये ‘मेक एमआरप्रॉपर’ चालवावे, पण त्याआधी डॉट-कॉन्फिगची प्रत काढून ठेवावी, कारण ती पुसली जाते. ‘मेक क्लीन’ डॉट-कॉन्फिग आणि बाहेरची मॉड्यूल बिल्ड करायला लागणाऱ्या गोष्टी ठेवतो. ‘डिस्टक्लीन’ एमआरप्रॉपरच्याही पुढे जाऊन एडिटरच्या बॅकअप आणि पॅचच्या उरलेल्या फायलीही काढतो. बिल्डची वेगळी डिरेक्टरी सांगणारे ‘ओ=’ एकदा दिले की त्या बिल्डच्या प्रत्येक मेक आज्ञेत द्यावेच लागते. कोणत्या आर्किटेक्चरसाठी आणि कोणत्या कंपायलरने बिल्ड करायचे हे सांगणाऱ्या ‘आर्च=’ आणि ‘क्रॉस_कंपाइल=’ यांचेही तसेच : आर्म बोर्डासाठी तयार केलेल्या कॉन्फिगवर आर्च न देता नुसते मेक चालवले, तर केकॉन्फिग ती तुमच्या संगणकाच्या आर्किटेक्चरप्रमाणे पुन्हा लिहायला घेतो.

दस्तऐवजात संदिग्ध वाक्य सापडले. दुरुस्ती कशी करावी?

आधी वाक्य खरे की खोटे हे ‘स्क्रिप्ट्स’मधले नियम वाचून आणि दोन-तीन फायलींचा छोटा प्रयोग करून तपासावे. मग ‘गिट ब्लेम’ने ते वाक्य कोणत्या बदलासोबत आले ते पाहावे, पुष्कळदा वाक्य लिहिले तेव्हा बरोबर असते आणि नंतर कोड पुढे गेलेला असतो. २०१९ मध्ये या फायली साध्या मजकुरातून रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आणल्या गेल्या, त्यामुळे त्याआधीचा इतिहास शोधताना फाइलचे जुने नाव लक्षात घ्यावे लागते.

लिहिताना माझा स्वतःचा नियम असा आहे : प्रत्येक व्हेरिएबलच्या पहिल्या वाक्यात ते कोणत्या डिरेक्टरीपुरते आहे ते आले पाहिजे, आणि दुसऱ्यात ते कोण वाचतो ते. ‘हे फ्लॅग रिकर्सिव्ह बिल्डमध्ये वापरले जातात’ यापेक्षा ‘हे फ्लॅग याच मेकफाइलमधल्या ऑब्जेक्ट फायलींना लागतात, उपडिरेक्टरींना लागत नाहीत’ हे वाक्य लांब आहे, पण ते वाचून कुणी चुकत नाही. व्याप्ती सांगणारा नकार लिहायला संकोच करू नये.

बदल झाल्यावर ‘मेक एचटीएमएलडॉक्स’ चालवून पान नीट दिसते का ते पाहावे; ‘स्फिंक्सडिर्स=केबिल्ड’ दिले तर तेवढाच भाग तयार होतो आणि वेळ वाचतो. पॅचची शैली तपासणारी ‘चेकपॅच’ स्क्रिप्ट चालवावी, पॅच कुणाला पाठवायचा ते ‘गेट_मेंटेनर’ स्क्रिप्टला विचारावे, आणि पॅचच्या वर्णनात वाचकाचा नेमका कोणता गैरसमज होत होता ते दोन ओळींत सांगून खाली आपली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ द्यावी. उत्तर आले नाही तर आठवण करण्यापूर्वी किमान एक आठवडा थांबावे. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर ‘मेकफाइल्स’ फाइलचे अगदी शेवटचे प्रकरण उघडावे : तिथे लेखकांनीच राहिलेल्या कामांची एक छोटी यादी दिली आहे, आणि ‘_शिप्ड’ने संपणाऱ्या तयार फायली केबिल्ड कशा हाताळतो हे लिहायचे राहिल्याची नोंद तिच्यात आहे.